हूक लावण्याआधी

धावती गाडी बंद पडते तेव्हा सगळ्यात आधी आवाज जातो. तासन्‌तास कानात असलेली इंजिनाची घरघर थांबते, स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेकवर अख्खा भार टाकावा लागतो. गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला आणली की मग बाकीचं जग ऐकू यायला लागतं. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची हवा आपल्या गाडीला ढकलून जाते. दोन मिनिटांपूर्वी आपणही त्याच प्रवाहात होतो, त्याच वेगाने. तो वेग किती भयंकर आहे हे कडेला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, पाऊस होता आणि मागच्या सीटवर आई होती. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. काठी घेऊन चालायची. चारही दिवे लुकलुकत ठेवून आम्ही दोघी आत बसून राहिलो. आत बसणं चूक होतं, हे मला पुढे दोन वर्षांनी एका माणसाने सांगितलं. त्याच्याकडे येतेच. त्या रात्री मात्र मी फक्त आरशात बघत होते, बंद गाडी ओढून नेणाऱ्या टोचनच्या गाडीचा पिवळा फिरता दिवा कधी दिसतो याची वाट पाहत. फोनवर ठिकाण सांगून झालं होतं, पैसे ठरले होते, ‘पाऊण तासात पोचतो’ असं उत्तर मिळालं होतं. दोन तास झाले.

दिवा दिसला तेव्हा मला अक्षरशः रडू फुटलं. एवढी वाट मी कुठल्या पाहुण्याची पाहिली नव्हती.

टोचनची गाडी आमच्या पुढे येऊन थांबली. ड्रायव्हर बराच वेळ खाली उतरला नाही. फोनवर बोलत होता. उतरला तो थेट माझ्या गाडीच्या नाकाशी गेला, वाकला, आणि साखळी ओढून हूक अडकवायला लागला. आमच्याकडे बघितलं नाही, काय झालंय विचारलं नाही, मागे एक वयस्कर बाई बसल्या आहेत हे त्याला दिसलं की नाही, तेही मला कळलं नाही. मी छत्री घेऊन त्याच्याजवळ गेले आणि सांगितलं की ही गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे, पुस्तकात लिहिलंय की दोन चाकं जमिनीवर ठेवून न्यायची नाही. त्याने मान वर न करता उत्तर दिलं, “ताई, रोज दहा गाड्या उचलतो मी.”

पुढची चाकं उचलली गेली. मग तो हात पुसत माझ्याकडे आला आणि फोनवर ठरलेला आकडा बदलला. पाऊस, रात्र, लांबचं अंतर, अशी कारणं सांगितली. ही तिन्ही कारणं फोन केला तेव्हाही होती, असं मी म्हटलं. त्यावर तो जे बोलला ते आजही त्याच्या आवाजात ऐकू येतं. ओरडला नाही, धमकी दिली नाही. साधं सांगितलं:

“आता हूक लागलाय.”

या तीन शब्दांत सगळं आलं. हूक लागला की गाडी तुमची राहत नाही, निदान पुढचे काही तास तरी. रस्त्यावर दुसरं कुणी नाही, अंधार आहे, सोबत म्हातारी आई आहे, आणि समोरच्या माणसाला हे सगळं माहीत आहे. मी पैसे दिले. आईला त्याच्या केबिनमध्ये चढवायचं होतं. पायरी तिच्या मांडीइतकी उंच. मी खालून आधार देत होते, तो स्टीअरिंगवर बसून मोबाइलमध्ये बघत होता. आईने दाराची कड घट्ट धरली होती, तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या, आणि ती मलाच म्हणत होती, “जमेल गं, जमेल.” गाडीचं नुकसान मी विसरले. तो हात विसरले नाही.

नुकसानही झालं. गाडी पोचली तेव्हा मागच्या चाकांपाशी जळका वास येत होता. आठवड्याने मेकॅनिकने दाखवलं: मूळ बिघाड म्हणजे एक तुटलेला बेल्ट, अर्ध्या दिवसाचं काम. मागच्या चाकांना ताकद पोचवणारं कपलिंग मात्र टोचन करताना जळलं होतं, आणि ते काम महिनाभर चाललं.

असं का होतं, हे मी त्या महिनाभरात नीट समजून घेतलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आहे आणि चाकं मात्र रस्त्यावर फिरताहेत, म्हणजे आतले दांडे, दाते, बेअरिंगं कोरडी फिरताहेत. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत दोन चाकं हवेत आणि दोन जमिनीवर ठेवली की मधल्या जोडणीला एका बाजूला वेग मिळतो, दुसऱ्या बाजूला नाही, आणि तो फरक ती उष्णतेत भरून काढते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं तर याहून वेगळं आहे. त्यांची चाकं फिरली की बहुतेक गाड्यांत मोटर फिरते, आणि मोटर फिरली की ती वीज तयार करायला लागते, जिची त्या क्षणी कुणाला गरज नसते. म्हणून अशा गाड्या अख्ख्या पाठीवर घ्यायच्या, चारही चाकं जमिनीपासून सुटी. यासाठीच फ्लॅटबेड असतो, ज्याचा पाट मागे सरकतो, तिरपा होतो आणि गाडी विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, वर ओढून घेतो. ही विद्या गुप्त नाही. टोचनच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे. शिकवली जात नाही, किंवा शिकवली तरी फ्लॅटबेड दुसऱ्या कामावर असतो आणि मालक म्हणतो, जी गाडी मोकळी आहे ती घेऊन जा.

त्या अनुभवानंतर बराच काळ मी सगळ्या टोचनवाल्यांना एकाच मापाने मोजत होते. रस्त्यात कुणाची गाडी उचललेली दिसली की त्या अनोळखी माणसासाठी जीव कळवळायचा. तरी वाचत गेले, आणि वाचता वाचता एक गोष्ट सापडली जिने मला थोडं थांबवलं. टोचनची गाडी जन्माला आली ती 1916 साली, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनूगा नावाच्या शहरात. अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी ओढ्यात उलटली. होम्स मदतीला गेला. दोर, लाकडी ठोकळे, अर्धा डझन माणसं आणि कित्येक तास, एवढं लागलं ती गाडी काठावर घ्यायला. घरी येऊन तो विचार करत बसला की हे एका माणसाला करता यायला हवं. मग त्याने एका जुन्या कॅडिलॅकवर खांब उभे केले, कप्पी बसवली, साखळी लावली. तीच पुढे सगळ्या टोचन गाड्यांची पणजी. त्याच शहरात आज या धंद्याचं संग्रहालय आहे.

मला त्यातली यंत्राची गोष्ट आवडली, पण मनात राहिली ती दुसरीच. या धंद्याची सुरुवात कुणीतरी ओल्या कपड्यांनी ओढ्यात उभं राहून ओळखीच्या माणसाची गाडी काढण्यातून झाली. तिथे ‘आता हूक लागलाय’ म्हणायची सोयच नव्हती.

दोन वर्षांनी पुन्हा गाडी बंद पडली. गाडी दुसरी होती, पुढच्या चाकांवर चालणारी. पहाटेची वेळ, धुकं, मी एकटी. फोन केला, आणि मनाशी सगळी भांडणं तयार करून बसले: काय बोलायचं, पैसे कुठे लिहून घ्यायचे, हूक लावण्याआधी काय काय अडवायचं.

आलेला माणूस पंचावन्नच्या आसपासचा असावा. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, हातात चामड्याचे मोजे, खिशात टॉर्च. त्याने आपली गाडी माझ्या मागे, थोडी रस्त्याच्या बाजूला येईल अशी तिरकी उभी केली, सगळे दिवे लावले आणि उतरताना आधी मागचा रस्ता बघितला. मग माझ्या खिडकीशी, रस्त्याच्या उलट्या बाजूच्या, येऊन वाकला.

“गाडीत आणखी कोण आहे का? लागलं वगैरे नाही ना?”

मी नाही म्हटलं.

“मग आधी बाहेर या. या बाजूच्या दाराने. आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा, गाडीच्या पुढे नाही, मागच्या अंगाला. कुणी येऊन धडकलंच तर गाडी पुढे जाते.”

तेव्हा मला ती पावसाची रात्र आठवली. आईला घेऊन मी दोन तास त्या पेटीत बसले होते, आणि ती पेटी कुठल्याही क्षणी पुढे फेकली गेली असती. ते ऐकताना पायातलं बळ गेलं.

त्याने मग माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, चारही बाजूंनी फोटो काढले. “तुमच्यासाठीही आणि माझ्यासाठीही,” म्हणाला. उकिडवा बसून खाली टॉर्च मारला. मला विचारलं, चाकं कुठली ओढतात, गिअर ऑटोमॅटिक का, हँडब्रेक बटणाचा की दांड्याचा, बॅटरी पूर्ण गेली की दिवे लागताहेत. त्याची प्रश्न विचारायची पद्धत जुन्या डॉक्टरांची होती. उत्तर मिळेपर्यंत हात लावत नाहीत तशी. पैसे सांगितले ते त्यानंतर, फोनवर सांगितले होते तेवढेच, आणि मग म्हणाला, “चालेल का? तर घेतो वर.”

तर घेतो वर. गाडी माझी होती आणि ती घ्यायला तो माझी परवानगी मागत होता. हूक अजून त्याच्या गाडीला लटकत होता.

मग त्याने मला डिकी उघडायला लावली आणि स्टेपनीच्या शेजारच्या खोबणीतून एक लोखंडी कडी काढली. इतकी वर्षं गाडी चालवत असून मी ती कधी पाहिली नव्हती. बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं, त्याला लांबूनच रेघ दिसते. ते त्याने नखाने नाही, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून अलगद काढलं, रंग उडू नये म्हणून. आत आटे होते. कडी त्याने उलटी फिरवली. “बऱ्याच गाड्यांत हे आटे उलटे असतात,” तो म्हणाला. “दोर ताणला की पिळतो आणि सरळ आटे सुटायची भीती असते. नवीन पोरं जोर लावून सरळ फिरवतात आणि आटे मारून ठेवतात.” कडी हाताने घट्ट होईपर्यंत फिरवली, मग पाना आडवा घालून शेवटचा पाव फेरा दिला.

मग आपली गाडी माझ्या पुढे आणून लावली आणि दोर जोडला. ताण येण्याआधी त्याने दोराच्या मध्यावर एक जुनं जड पायपुसणं टाकलं. मी विचारलं नाही, तरी सांगितलं: वायररोप तुटला तर चाबकासारखा उलटतो, वर वजन असलं की त्याचा जोर खाली जातो. “आणि ताणलेला दोर कधी ओलांडायचा नाही. कुणाचाही.” विंच सुरू झाली. गाडी इंच इंच वर चढत होती, आणि तो गाडीकडे बघतच नव्हता. ड्रमवर दोर कसा गुंडाळला जातोय तिकडे बघत होता, एकावर एक वेटोळं चढू नये म्हणून. फ्लॅटबेडला दोन्ही बाजूंनी दांडे असतात चालवायचे. तो सबंध वेळ कठड्याच्या बाजूच्या दांड्यांपाशी उभा होता. रस्त्याच्या बाजूचे दांडे त्याने पंधरा वर्षांत वापरले नव्हते, असं नंतर केबिनमध्ये सांगितलं.

वर घेतल्यावर पट्टे बांधले ते टायरवरून. चासीला साखळ्या घालून आवळून टाकलं तर खड्ड्यात गाडी आपल्या स्प्रिंगवर हलू शकत नाही आणि सगळा झटका सस्पेन्शन खातं. टायर बांधला तर गाडी वरून मोकळी राहते. हेही त्यानेच सांगितलं. पट्टा रॅचेटवर आवळून झाला की प्रत्येक पट्ट्यावर तो एक थाप मारायचा आणि कान देऊन ऐकायचा.

त्याच्या शेजारी बसून गेलेला तो तासभर मला फार मोलाचा वाटतो. त्या पावसाच्या रात्रीचं सगळं मी त्याला सांगितलं. त्याने त्या ड्रायव्हरची बाजू घेतली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाला, “त्याला गाडीमागे पैसे मिळत असणार. महिन्याचे नाही, गाडीमागे. माणूस मग घड्याळाकडे बघतो.” थोड्या वेळाने म्हणाला, “पण आजीला वर चढवायला वेळ लागत नाही.” मी त्याला आई आजी आहे असं सांगितलं नव्हतं, गुडघ्यांचं सांगितलं होतं, त्यावरून त्यानेच ठरवलं.

गाडीमागे पैसे. हे वाक्य पुढे एकदा फार कडवटपणे पटलं. एका बंद दुकानासमोर मी गाडी उभी केली होती, पाटी होती, पाटी मी वाचली नव्हती. चूक माझी, त्यात वाद नाही. आईला दवाखान्यात सोडून परत आले तेव्हा गाडी उचलण्याचं काम चाललं होतं, पुढची चाकं जमिनीवरून जेमतेम वीतभर उठली होती. मी धावत गेले, दंड भरते म्हटलं, पण सीटवर आईच्या इन्शुलिनची पिशवी आहे, तेवढी काढू द्या. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. ऐकलं होतं त्याने, कारण तो क्षणभर थांबला. मग खिडकीची काच वर घेतली आणि निघून गेला. पिशवी संध्याकाळी मिळाली, बंद गाडीत उन्हात तापलेली, टाकून देण्याच्या लायकीची. बंपरवर एक लांब ओरखडा होता. त्याचं मला काही वाटलं नाही. वर घेतलेल्या त्या काचेचं वाटलं. दंड, नियम, गाडीमागचे पैसे, सगळं मान्य करूनही, दार उघडून एक पिशवी काढायला किती वेळ लागतो? त्या दिवशी मी म्हाताऱ्या ड्रायव्हरचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. आजीला वर चढवायला वेळ लागत नाही.

जगात अनेक ठिकाणी असा नियम आहे, आणि असायलाच हवा, की मालक तिथे पोचला आणि गाडी अजून निघालेली नसली तर थोडे पैसे घेऊन ती सोडावी. मी याबद्दल पोटतिडकीने बोलते, कारण उचललेल्या गाडीत फक्त गाडी नसते. औषध असतं, लेकराची खुर्ची असते, कुणाची नोकरीला जायची एकमेव सोय असते. गाड्या उचलण्याचा ठेका देणाऱ्यांनी गाड्यांची संख्या मोजून पैसे द्यायचे थांबवलं तर निम्मे ओरखडे आपोआप थांबतील, असं मला मनापासून वाटतं.

आणि तरीही, त्या पहाटेनंतर मी कुठल्याही टोचन गाडीकडे जुन्या नजरेने बघू शकले नाही. तासाभरात त्या ड्रायव्हरने आपल्या दोन सोबत्यांचा उल्लेख केला होता, दोघांनाही कडेला काम करताना गाडीने उडवलं होतं. एक जागेवर गेला. दुसऱ्याचा पाय. त्याने हे सांगताना आवाज बदलला नाही, फक्त आरशात बघितलं. चॅटनूगाच्या त्या संग्रहालयाबाहेर 2006 सालापासून एक भिंत आहे. काम करताना मेलेल्या टोचनवाल्यांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. दरवर्षी नावं वाढतात. अमेरिकेत 1994 साली अपघाताच्या जागी काम करणाऱ्या एका अँब्युलन्स कर्मचाऱ्याला गाडीने धडक दिली, आणि त्यातून 1996 साली साउथ कॅरोलायना राज्यात एक कायदा झाला: कडेला दिवे लावून कुणी काम करत असेल तर एक लेन सोडून जा, ते शक्य नसेल तर वेग कमी करा. 2012 पर्यंत पन्नासही राज्यांनी असा कायदा केला. पुढे टोचनच्या गाड्याही त्यात आल्या. कायदा असून धडका थांबलेल्या नाहीत. पिवळा दिवा लांबून दिसत असतो. दिसत असून लोक वेग कमी करत नाहीत, कारण थांबलेली गाडी त्यांची नसते.

एकदा अपघातामुळे अडकलेल्या रांगेत मी पुढे दुसऱ्याच नंबरला होते. चेपलेली गाडी वर घेऊन झाली होती, आता निघतील असं वाटलं, तर टोचनवाला झाडू घेऊन उतरला. खराटा म्हणावा असा मोठा. त्याने तीन लेनचा काचांचा चुरा झाडून कडेला आणला, सुपडीने डब्यात भरला, सांडलेल्या ऑइलवर वाळू टाकली, पायाने पसरली. मागे हॉर्न वाजत होते. त्याने घाई केली नाही. शेवटी वाकून एक काच हाताने उचलली, जी झाडूला येत नव्हती, आणि मग रस्ता मोकळा केला. आम्ही सगळे तिथून टायर शाबूत ठेवून गेलो. हॉर्न वाजवणारेही.

आता भावाचं.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी पहाटे दुभाजकावर आपटला. निळी गाडी, चालकाची बाजू पूर्ण आत गेलेली. ते मी फक्त ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं, कारण मी थेट हॉस्पिटलमध्ये पोचले आणि पुढचे चार दिवस तिथून हलले नाही. पाचव्या दिवशी कागदपत्रांसाठी गाडी ठेवलेल्या यार्डात जावं लागलं. वहिनीला नको म्हटलं होतं, तरी ती आलीच.

पत्र्याच्या फाटकातून आत गेलो. गाडी समोर दिसली आणि वहिनी थांबली. मीही. ती तशीच होती, नेहमीसारखी. डावी बाजू, डावीकडचा आरसा, मागच्या काचेवर तिच्या मुलीने चिकटवलेलं फुलपाखरू. उजवी बाजू भिंतीला इतकी टेकवलेली की तिकडून कुणाला जाता येऊ नये, आणि वरून ताडपत्री ओढून, कडा विटांनी दाबलेल्या.

ज्याने गाडी आणली होती तो पोरगा तिथेच होता, तिशीही न गाठलेला, बारीक, हाताला ग्रीस. मी नंतर, वहिनी कागदांवर सही करत असताना, त्याला विचारलं, गाडी अशी कुणी लावली. तो जरा अवघडला. “घरची माणसं येतात ना ताई. फाटकातून येतात. आधी ही बाजू दिसलेली बरी.” एवढं करण्यासाठी त्याला गाडी दोनदा उतरवून पुन्हा वळवून लावावी लागली असणार, चाक मोडलेली गाडी ढकलता येत नाही, चाकांखाली छोटे चाकांचे गाडे सरकवून फिरवावी लागते. त्याने ते सांगितलं नाही. हे मी आता जाणते म्हणून लिहिते.

त्याने एक पिशवी आणून दिली. आत भावाचा चष्मा होता, एक काच शाबूत. एक बूट. चार्जर, घराच्या किल्ल्या, पाकीट, मुलीची रंगपेटी. वर एक कागद, त्यावर पेनाने सगळ्या वस्तूंची यादी, रंगपेटीतल्या खडूंच्या संख्येसह. चष्मा पेडलच्या खाली सापडला, असं तो म्हणाला. मग त्याने जे विचारलं ते विचारायला तो मघापासून थांबला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ते… कसे आहेत?”

मी सांगितलं, आयसीयूत आहे, जीव वाचेल म्हणताहेत, पायांचं माहीत नाही.

त्याने मान हलवली. “आम्हाला कुणी सांगत नाही. गाडी आणतो, कुणीतरी कागद घेऊन येतं, गाडी जाते. आतल्या माणसाचं काय झालं ते कळतच नाही. रात्री डोळ्यासमोर येतं.”

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. डॉक्टरला कळतं, पोलिसांना कळतं, घरच्यांना कळतं. ज्याने त्या गाडीतून चष्मा वेचून काढला त्याला कधीच कळत नाही. मी त्याचा नंबर घेतला.

सात महिने लागले. आधी वॉकर, मग कुबड्या, मग काठी. एका रविवारी भाऊ कठडा धरून जिना चढला, एक मजला, मध्ये दोनदा थांबून. वरच्या पायरीवर बसून तो घामाघूम हसत होता आणि खाली आम्ही सगळे रडत होतो. त्याच संध्याकाळी मी फोन लावला.

“कोण बोलतंय?” मागे विंचचा घुमणारा आवाज होता, वाहनं जात होती.

मी नाव सांगितलं. त्याला ओळख लागली नाही. निळी गाडी, म्हटलं. भिंतीला लावली होती. ताडपत्री.

“रंगपेटी!” तो म्हणाला.

“हो. तो आज जिना चढला.”

विंचचा आवाज थांबला. काही क्षण नुसती वाहनं ऐकू येत होती. मग तो फोन बाजूला धरून मोठ्याने ओरडला, बहुधा त्याच्या मदतनिसाला: “अरे, ते निळ्या गाडीवाले! जिना चढले आज!” लांबून कुणीतरी विचारलं, “कुठले, चष्मा सापडला ते?” तो म्हणाला, “तेच रे, तेच!” आणि परत फोनवर आला.

“ताई, ठेवतो आता. गाडी अर्धी वर आलीये, दोरावर आहे.”